शोवा एकसष्ट

"तू कितीची?"

ओसाकात राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात घरमालकीण आजींनी विचारलं. मी १९८६ म्हटलं. त्यांनी क्षणभर डोळे बारीक केले, मनातल्या मनात काहीतरी वजा केलं आणि म्हणाल्या, "म्हणजे शोवा एकसष्ट. मी शोवा नऊची."

पुण्यात जपानी शिकताना नेंगो, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून चालणारी कालगणना, आम्ही व्याकरणासारखी पाठ केली होती. शोवाच्या वर्षात १९२५ मिळवायचे, हेइसेइच्या वर्षात १९८८. पहिल्या वर्षाला एक म्हणायचं नाही, गान्नेन म्हणायचं. परीक्षेत दोन गुणांना येणाऱ्या या बेरजेवर कुणाचं अख्खं आयुष्य मांडलेलं असतं, हे त्या दिवशी प्रथम कळलं. आजी स्वतःबद्दल बोलताना इसवी सन वापरतच नसत. लग्न शोवा तेहेतिसाला, घर बांधलं शोवा सेहेचाळिसाला, नवरा गेला हेइसेइ सहाला. त्या मोजणीत त्यांनी मलाही बसवून टाकलं. साताऱ्याकडच्या एका गावात जन्मलेली मी, सव्वीस वर्षांची झाल्यावर शोवाची झाले.

दोन वर्षांनी मी परत यायला निघाले. सामान बांधून झालं होतं. आजींनी बुत्सुदानच्या, म्हणजे पूर्वजांच्या देव्हाऱ्याच्या, खालच्या खणातून रेशमी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. आत चांदीचं एक नाणं होतं. दहा हजार येनचं. त्यावर साल होतं शोवा ६१.

"तुझ्या वर्षाचं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने आणलं होतं. बँकेत दिलंस तर दहा हजार येन मिळतील, एक येनही जास्त नाही. पण देऊ नकोस."

मी दिलं नाही. गेली कित्येक वर्षं ते माझ्याकडे आहे, आणि त्याच्याविषयी जे जे वाचायला मिळालं ते मी वाचत आले आहे. वजन २० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन तोळ्यांना किंचित कमी. व्यास ३५ मिलिमीटर. चांदी जवळजवळ शुद्ध, आपल्या सराफी भाषेत नव्व्याण्णव टंचाच्याही वर. सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये जपान सरकारने तीन नाणी काढली, त्यातलं हे मधलं. वरचं सोन्याचं, २० ग्रॅम वजनाचं, एक लाख येनचं. खालचं तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचं, पाचशे येनचं. चांदीची नाणी एक कोटी पाडली, सोन्याची त्या वर्षी तेवढीच, पाचशे येनची पाच कोटी. वीस ग्रॅमला एक कोटीने गुणलं की दोनशे टन होतात. एका माणसाच्या साठ वर्षांसाठी दोनशे टन चांदी आणि दोनशे टन सोनं. हा गुणाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा कागद बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

त्या माणसाचा चेहरा मात्र नाण्यावर नाही. तिन्हींपैकी एकावरही नाही. सोन्याच्या नाण्यावर चित्रकार हिरायामा इकुओ यांच्या रेखाटनावरून घेतलेली कबुतरं आणि पाणी आहे. सम्राट फक्त सालातून कळतो. शोवा हा शब्द आणि पुढे आकडा, एवढंच त्याचं तिथलं अस्तित्व.

आपल्याकडे घराघरात राणीछाप रुपये असतात. नाण्यावर राजाचा चेहरा असणारच, असं आपण त्यांच्यामुळे धरून चालतो. जपानने एकोणिसाव्या शतकात युरोपकडून यंत्रं घेतली, माणसं घेतली, टाकसाळीचं सगळं तंत्र घेतलं, पण ही एक रीत घेतली नाही. ओसाकाची टाकसाळ १८७१ मध्ये सुरू झाली. तिथली यंत्रं हाँगकाँगहून आली होती. ब्रिटिशांनी तिथे काढलेली टाकसाळ दोन-तीन वर्षांतच बंद पडली, तिची यंत्रसामग्री जपानने विकत घेतली, आणि तिथलाच थॉमस विल्यम किंडर ओसाकाचा प्रमुख झाला. पण नाण्यांचे नमुने केले ते कानो नात्सुओ यांनी. हा माणूस तलवारीच्या मुठीवरचं, म्यानावरचं धातूकाम करणारा. सामुराईंच्या तलवारींचे दिवस संपत आले होते आणि त्याच्या हातात छिन्नी तशीच होती. ठसे परदेशातून करून घेण्याचा विचार त्याचं काम पाहिल्यावर मागे पडला. पहिल्या चांदीच्या येनवर त्याने सम्राटाच्या जागी अजगरासारखा वेटोळे घातलेला ड्रॅगन कोरला. खवला न् खवला मोजता येईल असा. राजाचं मुख हजारो अनोळखी हातांत, घामेजलेल्या बोटांत फिरावं, ही कल्पनाच त्या दरबाराला सोसणारी नव्हती.

खरं तर आपल्याला हे इतकं परकं वाटायला नको. शिवराईवर कुठे चेहरा आहे? एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ना मुख, ना साल. महाराजांनी स्वतःची कालगणना सुरू केली, पत्रांच्या माथ्यावर 'स्वस्तिश्री राज्याभिषेक शके' असं लिहिलं जाऊ लागलं, पण तांब्याच्या नाण्यावर ती उतरली नाही. जपानने उलट केलं. चेहरा दिला नाही आणि वर्षं मात्र दिली.

कालगणना आणि नाणं यांची तिथली गाठ फार जुनी आहे. इसवी सन ७०८ मध्ये मुसाशी प्रांतातल्या चिचिबू इथे शुद्ध तांबं सापडलं. दरबाराला एवढा हर्ष झाला की नवी कालगणनाच सुरू करण्यात आली. तिचं नाव वादो, म्हणजे जपानचं तांबं. त्याच वर्षी 'वादो काइचिन' नावाची नाणी पाडली गेली. तांब्याच्या नावाने सुरू झालेल्या त्या कालखंडात आधी निघालं ते चांदीचं नाणं, तांब्याचं काही महिन्यांनी. पुढच्याच वर्षी चांदीचं बंद केलं. जपानच्या राज्यकारभारात चांदी अशीच येते आणि लवकर निघून जाते. माझ्या शोवाची गोष्टही हीच आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगते.

शोवा सुरू झालं २५ डिसेंबर १९२६ ला. त्यामुळे त्याचं पहिलं वर्ष सात दिवसांचं. संपलं ७ जानेवारी १९८९ ला. त्यामुळे शेवटचं, चौसष्टावं वर्षही सात दिवसांचं. मधे बासष्ट पूर्ण वर्षं. दोन्ही टोकांना सात-सात दिवसांची गाठ मारलेला हा लांब धागा आहे आणि त्यात चांदी तीनदा दिसते, तीनदा लुप्त होते.

सुरुवातीला ती लोकांच्या खिशात होती. पन्नास सेनचं (शंभर सेन म्हणजे एक येन) छोटं नाणं, पाच ग्रॅमच्या आतलं, शंभरात बहात्तर भाग चांदीचं. हे १९३८ पर्यंत निघालं. चीनशी युद्ध सुरू झालं आणि पन्नास सेनची कागदी नोट आली. मग एक एक धातू नाण्यातून गेला. तांबं गेलं, निकेल गेलं, ॲल्युमिनियमची नाणी आली आणि तीही वर्षागणिक हलकी होत गेली, कारण ॲल्युमिनियम विमानांना हवं होतं. १९४४ ला कथिलाची नाणी आली. देवळांच्या घंटाही उतरवून नेल्या जात होत्या. शेवटी १९४५ मध्ये, जेव्हा कथिलही उरलं नाही, तेव्हा सेतो, क्योतो आणि आरिता इथल्या भट्ट्यांमध्ये मातीची नाणी भाजली गेली. ज्या गावांनी शतकानुशतकं चहाचे पेले आणि फुलदाण्या घडवल्या, तिथे लालसर तपकिरी मातीच्या एक सेनच्या चकत्या तयार झाल्या. त्या चलनात यायच्या आधीच युद्ध संपलं आणि त्या फोडून टाकल्या. थोड्या उरल्या.

ओसाकाच्या टाकसाळीच्या आवारात एक संग्रहालय आहे. विटांची १९११ ची इमारत, मूळची टाकसाळीचं वीजघर. एप्रिलच्या मध्यावर आठवडाभर टाकसाळीचा नदीकाठचा रस्ता लोकांना खुला करतात, तिथे उशिरा फुलणारे, दाट पाकळ्यांचे साकुरा, म्हणजे चेरीची झाडं, आहेत, आणि ही प्रथा १८८३ पासूनची. गर्दी फुलांना असते. मी आजींना घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या, आधी आत जाऊ. आत काचेमागे ही मातीची नाणी होती. आजी तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना शहरातल्या इतर शाळकरी मुलांसारखं १९४४ मध्ये खेड्यात हलवलं होतं. १९४५ च्या मार्चमध्ये ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा त्या दूर एका देवळात झोपलेल्या होत्या. त्यांचं पहिलं घर त्या रात्री गेलं. "माझी आई म्हणायची," त्या काचेकडे बघत म्हणाल्या, "पैसा हलका व्हायला लागला की समजावं." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

चांदी परतली ती १९५७ ला. शंभर येनचं नाणं, शंभरात साठ भाग चांदी, वजन ४.८ ग्रॅम. दहा वर्षं ते हातोहात फिरलं. १९६७ पासून शंभर येनचं नाणं तांबं-निकेलचं झालं, ते साकुराचं नाणं आजही चालू आहे. मधे १९६४ आलं. टोकियो ऑलिंपिक. जपानचं पहिलं स्मारक नाणं त्या निमित्ताने निघालं, हजार येनचं, चांदीचं, फुजी पर्वत आणि साकुराची फुलं. बँकांपुढे रांगा लागल्या. आजी तेव्हा तिशीत, कडेवर मूल. रांगेत उभं राहून त्यांनी एक मिळवलं होतं, नंतर घराच्या कर्जात अडचण आली तेव्हा ते विकलं. त्याबद्दल त्या बोलायच्या तशा मी फार थोड्या माणसांना वस्तूबद्दल बोलताना ऐकलं आहे. फुजीच्या उतारावर बोट फिरवल्यासारखं हवेत बोट फिरवायच्या.

आणि मग १९८६. २९ एप्रिलला सम्राटांचा पंच्याऐंशीवा वाढदिवस. त्याच दिवशी र्‍योगोकुच्या नव्या सुमो सभागृहात कारकिर्दीच्या साठ वर्षांचा सरकारी सोहळा झाला. एवढ्या मोठ्या किमतीची नाणी काढायला चालू कायद्यात जागा नव्हती, म्हणून संसदेने खास कायदा केला. अमेरिकेशी व्यापारात जपानची शिल्लक फार वाढली होती, त्यावरून कुरबुरी चालल्या होत्या. सोनं बाहेरून घेतल्याने ती शिल्लक थोडी खाली येणार होती. शिवाय सरकारी तिजोरीला घसघशीत मिळकत होती. वीस ग्रॅम सोन्याची तेव्हाची किंमत चाळीस हजार येनच्या आसपास, आणि नाण्यावर आकडा एक लाखाचा. चांदीत तर तफावत आणखी मोठी. वीस ग्रॅम चांदीची तेव्हाची किंमत दहा हजाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी होती.

सोन्याच्या नाण्याला ही तफावत भोवली. १९९० च्या सुरुवातीला उघड झालं की युरोपातून व्यापाऱ्यांमार्फत आलेल्या नाण्यांमध्ये एक लाखाहून जास्त बनावट आहेत. ती खऱ्या सोन्याची होती. चाळीस हजारांचं सोनं घ्यायचं, त्यावर ठसा मारायचा आणि एक लाखाला बँकेत वटवायचं. धातू खरा, फक्त शब्द खोटा. जगात खोटी नाणी नेहमी हिणकस धातूची असतात, आपल्या कसोटीच्या दगडाचा जन्मच त्यासाठी झाला. पण इथे कसोटी काय करणार? तीवर तर सोनंच उमटणार. पुढे सोन्याचा भाव एवढा चढला की त्या नाण्यातलं सोनंच त्याच्यावरच्या आकड्याहून महाग झालं आणि बनावटीला कारणच उरलं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट नंतरची आहे. १९९० मध्ये हिरोहितो यांचे पुत्र अकिहितो यांच्या राज्यारोहणाला सोन्याचं नाणं निघालं, ३० ग्रॅमचं. चांदीचं नाही. हेइसेइच्या, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीच्या, दहाव्या वर्षी सोनं, विसाव्या वर्षी सोनं, तिसाव्या वर्षी सोनं. २०१९ मध्ये त्यांचे पुत्र नारुहितो गादीवर आले, रेइवा सुरू झालं, तेव्हा पुन्हा सोनं. सोबत दर वेळी पाचशे येनचं साधं नाणं. चांदीची स्मारक नाणी जपानने पुष्कळ काढली, सत्तेचाळीस प्रांतांची सत्तेचाळीस काढली, १९९३ ला युवराज नारुहितो आणि मासाको यांच्या लग्नाला पाच हजार येनचं काढलं. पण सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं साजरी करायला चांदी वापरली ती एकदाच, शोवाच्या साठ वर्षांना. १९७६ मध्ये पन्नास वर्षांना काढलेलं शंभर येनचं नाणंसुद्धा तांबं-निकेलचंच होतं.

माझ्या मते ते योग्यच झालं. सोनं त्या काळाला शोभत नाही. सोनं काळवंडत नाही. शोवाच्या साठातली पहिली वीस वर्षं काढून टाकता येत नाहीत. मांचुरिया, नानजिंग, बर्मा, हिरोशिमा, नागासाकी हे सगळं त्याच नावाखाली, त्याच मोजणीत बसलं आहे. 'शोवा' हा शब्द चिनी अभिजात ग्रंथातून घेतलेला, त्याचा आशय प्रजेचं तेज आणि राष्ट्राराष्ट्रांतला मेळ. ज्यांनी १९२६ मध्ये तो निवडला त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. आजींना मी एकदा धीर करून विचारलं होतं, हे नाणं घेताना तुम्हांला काय वाटलं. त्यांनी चहा ओतायचं थांबवलं नाही. "नवऱ्याला हवं होतं," म्हणाल्या. "त्याचा मोठा भाऊ शोवा एकोणिसाला गेला. तो म्हणायचा, साठ वर्षं सम्राटांची असतील, पण आपणही होतोच ना त्यात. दादाही एकोणीस वर्षं होता." मग थोड्या वेळाने, "मला वाटलं होतं, एवढ्या पैशात गालिचा आला असता."

हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. सरकारने नाणं काढलं ते सिंहासनासाठी. त्या घरात ते ठेवलं गेलं बुत्सुदानच्या खणात, एका सैनिकाच्या फोटोखाली.

राजाच्या वर्षांवरून मोजलेला काळ आपल्याकडच्या रुपयांवरही होता. मोगली रुपयावर बादशहाच्या गादीवर बसण्याचं, जुलूसचं, साल असायचं. पेशवाईत पुण्या-चांदवडच्या टाकसाळीतून पडणारे रुपयेही दिल्लीच्या बादशहाच्या नावाचे. बंगालमध्ये तर सराफ जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा कापत. चांदी तेवढीच, वजन तेवढंच, पण साल सरलं की किंमत उतरली. या जाचावर कंपनी सरकारने उपाय काढला तो विलक्षण होता. रुपयावर शाह आलमचं एकोणिसावं साल कायम गोठवून टाकलं. वर्षं पुढे सरकत होती आणि रुपयावर मात्र १९ सनच. काळ थांबवल्यावर बट्टाही थांबला.

जपानमध्ये गेलेल्या सम्राटाचं नाणं बट्ट्याने कुणी घेत नाही. आजही ओसाकाच्या भाजीच्या दुकानात सुटे घेतले की तळहातावर दोन-तीन सम्राट सहज येतात. शोवाचे दहा येन, हेइसेइचे शंभर, रेइवाचे पाचशे. दहा येन आणि पाच येनच्या नाण्यांवर साल अजूनही जपानी अंकांत लिहिलेलं असतं, त्यामुळे नवख्या माणसाला ते वाचताच येत नाही. मी सुट्ट्यांमध्ये नेहमी शोवा चौसष्ट शोधायचे. त्या सात दिवसांच्या वर्षाची एक, पाच, दहा आणि पाचशे येनची नाणी आहेत. पन्नास आणि शंभरची नाहीत. नव्या कालगणनेचे ठसे तयार होईपर्यंत टाकसाळीने जुनंच साल चालू ठेवलं. म्हणजे सम्राट गेल्यावरही काही आठवडे त्यांचं वर्ष ओसाकाच्या यंत्रांतून पडत राहिलं. दोन वर्षांत मला चौसष्टची चार नाणी सापडली, चारही दहा येनची. ती मी खर्च केली नाहीत.

मुंबईच्या टाकसाळीचाही या गोष्टीत एक छोटा धागा आहे. तो सापडला तेव्हा मला फार आनंद झाला होता. १८९३ मध्ये हिंदुस्थानातल्या टाकसाळींनी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. चांदीचा भाव जगभर कोसळत होता. चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, जपान सुवर्णमानकावर गेला, म्हणजे येनची किंमत सोन्याशी बांधली गेली, आणि पूर्वेच्या बंदरांतून खुशाल फिरणारा कानो नात्सुओंचा ड्रॅगनवाला येन चलनातून काढून घेतला गेला. त्यातल्या कित्येकांवर गोलात 'चांदी' या अर्थाचं अक्षर ठोकून ते तैवान-कोरियाकडे धाडले. मग चीनच्या किनाऱ्यावर, सिंगापुरात, पेनांगमध्ये चांदीच्या डॉलरची गरज कुणी भागवली? बरीचशी मुंबईच्या फोर्टातल्या टाकसाळीने. १८९५ पासून तिथे ब्रिटिश व्यापारी डॉलर पडू लागले होते, वजनाने आणि कसाने जपानी येनच्या जोडीचे. एका बाजूला त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी अक्षरं. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक 'बी' असतो, तो मुंबईचा. ओसाकाची जागा घ्यायला मुंबईची चांदी पूर्वेकडे निघाली होती. एशियाटिकच्या पायऱ्यांवरून पुढे जाताना मला आता ती टाकसाळीची इमारत वेगळी दिसते.

परत आल्यावर एकदा मी नाणं रविवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या सराफांकडे नेलं होतं. विकायला नाही, नुसतं दाखवायला. त्यांनी ते तराजूवर ठेवलं. काटा बरोबर वीसवर थांबला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी पसंती उमटली ती फक्त कारागिराला कारागिराबद्दल वाटते. मग भिंग लावून कडा पाहिली, पृष्ठभाग पाहिला. "काम स्वच्छ आहे," म्हणाले. "घासू नका. काळं पडलं तरी घासू नका." आजींनीही निघताना हेच सांगितलं होतं. दोघं एकमेकांना कधी भेटणार नव्हते.

३० एप्रिल २०१९ च्या रात्री मी आजींना फोन केला. अकिहितो गादीवरून उतरले होते, मध्यरात्री रेइवा सुरू होणार होतं. हे नाव प्रथमच चिनी ग्रंथाऐवजी जपानी ग्रंथातून, मान्योशूतून घेतलेलं, वसंतातल्या प्लमच्या फुलोऱ्याच्या वर्णनातलं. दूरचित्रवाणीचा आवाज मागून येत होता. शोवा संपताना महिनोन् महिने देश श्वास रोखून बसला होता, वर्तमानपत्रं रोज सम्राटांना दिलेल्या रक्ताचा हिशेब छापत होती, सण-समारंभ आपणहून रद्द होत होते. या वेळी कुणी गेलं नव्हतं, म्हणून लोक रस्त्यावर हसत होते. आजी म्हणाल्या, "मी आता तीन नेंगोंची झाले. माझी आजी मेइजीची होती, ती तैशोत जगली आणि शोवात गेली. तीही तीन." मग नाण्याचं विचारलं. ते कुठे ठेवतेस, म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. तिकडे आणखी कोण कोण असतं, हेही विचारून घेतलं.

ते असतं आमच्या लक्ष्मीपूजनाच्या तबकात. माझ्या पणजीपासून चालत आलेली सात-आठ नाणी आहेत, वर्षभर आईच्या कपाटात आणि अश्विन अमावास्येला चौरंगावर. राणीछाप तीन. एडवर्डचा एक, बोडक्या डोक्याचा. पंचम जॉर्जचे दोन. आणि सहाव्या जॉर्जचा एक, १९४० नंतरचा, जो हातात घेतला की रंगच निराळा वाटतो, कारण युद्धामुळे त्या साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती. १९४७ ला ती पुरती गेली आणि निकेलचा रुपया आला. आजींच्या आईने म्हटलं होतं ना, पैसा हलका होतो. त्याच युद्धात आमच्या तबकातलाही तो एक रुपया हलक्या चांदीचा झाला होता.

पहिल्या वर्षी मी शोवा एकसष्ट तबकात ठेवलं तेव्हा आई हळदकुंकू लावता लावता थांबली. ती सगळी नाणी मुखवटा वर करून मांडते, राणीचं तोंड लक्ष्मीकडे. या नाण्यावर तोंडच नव्हतं.

"याची सुलटी बाजू कोणती?" तिने विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. पूर्वी जपानी नाण्यावर शेवंतीचं राजचिन्ह असलेली बाजू पुढची मानत. युद्धानंतर रोजच्या नाण्यांवरून ते चिन्ह गेलं, तेव्हापासून टाकसाळीचा रिवाज असा की साल असेल ती बाजू मागची. मी आईला तसं सांगितलं. साल खाली जातं.

आईने नाणं उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "तुझं साल आहे ना त्यावर?"

"हो."

"मग तेच वर राहू दे," ती म्हणाली, आणि कुंकवाचं बोट शोवा एकसष्टवर टेकवलं.